जनरेटर रात्री बंद असतो

अलास्कातल्या फ्लाय-फिशिंग लॉजची चौकशी करणारा माणूस पहिला प्रश्न माशांचा विचारतो. केवढा लागतो, कुठल्या महिन्यात लागतो, कुठल्या फ्लायला, म्हणजे पिसं-दोरे गुंडाळलेल्या खोट्या आमिषाला, येतो. अशा सहली आखून देणारी मी पहिला प्रश्न वजनाचा विचारते. माशाच्या नव्हे, त्याच्या स्वतःच्या, कपड्या-बुटांसकट. काहींना तो आवडत नाही, आणि दहा-बारा पौंड चोरून सांगणारे तर सर्रास भेटतात. पण ज्या लॉजला रस्ताच जात नाही, तिथल्या सहलीची आखणी शेवटच्या विमानापासून मागे मागे करत यावी लागते, आणि ते शेवटचं विमान फार लहान असतं.

माझं बरंचसं काम ब्रिस्टल बे भागातल्या लॉजचं असतं. हा अलास्काचा नैऋत्य कोपरा. अँकरेज या तिथल्या मोठ्या शहरातून किंग सॅमन नावाच्या छोट्या गावापर्यंत नेहमीचं प्रवासी विमान जातं. तिथून पुढे फ्लोटप्लेन, म्हणजे चाकांच्या जागी दोन लांबट पोकळ फ्लोट लावलेलं, नदीवर किंवा तळ्यावर उतरणारं विमान. पुष्कळदा ते डी हॅविलँड बीव्हर असतं. या जातीचं उत्पादन १९६७ साली थांबलं, तेव्हा तुम्ही ज्यात बसता ते विमान पन्नाशी केव्हाच ओलांडलेलं असतं. काम मात्र चोख करतं. पायलट, चार-पाच माणसं आणि त्यांचं सामान झालं की भरलं. म्हणून बहुतेक लॉज माणशी पन्नास पौंडांच्या आसपास सामान घेऊ देतात, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सूटकेस आणलीत तर ती किंग सॅमनलाच ठेवून जावं लागतं.

ही केस एका चौघांच्या गटाची. सत्तरी ओलांडलेले एक काका, त्यांची मुलगी, जावई आणि काकांचा जुना मित्र. काका वीज खात्यातून निवृत्त, नोकरीतली बहुतेक वर्षं सबस्टेशनवर गेलेली. बुकिंगचं सगळं मुलगी बघत होती. पैशांची बाजू जावयाकडे होती, आणि ती काही हलकी नव्हती. अशा लॉजमधल्या आठवड्याला माणशी आठ-दहा हजार डॉलर सहज लागतात, अँकरेजपर्यंतचा विमानखर्च वेगळा.

पहिला वाद आठवड्याचा झाला. जावयाला जुलै हवा होता. त्याने सॉकाय सॅमनच्या, म्हणजे अंडी घालायला समुद्रातून नदीत येणाऱ्या एका माशाच्या, झुंडींचे व्हिडिओ पाहिले होते, आणि ते खरेच असतात. जगातली सॉकायची सर्वांत मोठी आवक याच उपसागरात होते. २०२२ साली तर पावणेआठ कोटींच्या वर मासे आले. जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या आगेमागे हा लोंढा नद्यांत शिरतो. पण काकांना सॉकाय नको होता, मोठा रेनबो ट्राउट हवा होता. रेनबोचं गणित निराळं आहे. सॅमन वर जाऊन अंडी घालायला लागले की त्यांच्या मागोमाग रेनबो येतात ते अंडी खायला. पुढे सॅमन मरून कुजू लागले की त्यांच्या मांसाचे तुकडे खातात. ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरभर ते असे चरतात आणि फुगतात. गळावर तेव्हा अंड्यासारखा दिसणारा रंगीत मणी नाहीतर मांसाच्या तुकड्यासारखी फिकी फ्लाय लावायची. सप्टेंबर ठरला. जावयाने "मग हवामान?" असं विचारलं, तो प्रश्न बरोबर होता. त्या महिन्यात वादळं आणि धुकं जास्त. म्हणून जाताना आणि येताना अँकरेजला एकेक रात्र मोकळी ठेवायची, अशी माझी अट असते. परतीचं लांबचं विमान फ्लोटप्लेनच्याच दिवशी लावलेलं असेल तर ते बुकिंग मी करत नाही. त्याने हॉटेलचे दर पाहिले आणि बरीच कुरकुर केली.

विम्याचं आधी उरकलं होतं. बऱ्याच अमेरिकन पॉलिसींत सहलीचा पहिला हप्ता भरल्यापासून चौदा ते एकवीस दिवसांच्या आत विमा घेतला तरच जुन्या आजाराची अट शिथिल होते. काकांना स्टेंट होता, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. म्हणून हप्ता भरला त्याच आठवड्यात विमा घ्यायला लावला, आजारी माणसाला विमानाने बाहेर काढायच्या खर्चासह.

मग तो शुक्रवार आला. लॉजचा पाहुण्यांचा फॉर्म भरून द्यायची शेवटची तारीख होती आणि मुलीने तो दुपारी पाठवला. पहिल्या पानावर नावं, वजनं, बुटांचे नंबर. दुसऱ्यावर अ‍ॅलर्जी, औषधं. तिसऱ्या पानाच्या तळाशी एक प्रश्न असतो, पुष्कळ जण तो कोराच सोडतात: रात्री वीज लागणारं काही उपकरण? तिथे तिने लिहिलं होतं, "सीपॅप".

काकांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास होता. नाकावर मास्क लावून मशीनच्या दाबाने हवा आत जात राहिली तरच त्यांची झोप नीट व्हायची. मी मुलीला लगेच फोन लावला. ती म्हणाली, "हो, पण ते कुठेही चालतं हो, प्लग लावला की झालं."

प्लग होता. पण त्यात रात्री वीज नसते. त्या लॉजचा जनरेटर रात्री साडेदहाला बंद होतो आणि पहाटे साडेपाचला सुरू होतो, दुपारीही काही तास बंद असतो. मुलगी एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "बाबांना सांगू नका हं अजून. ते येणारच नाहीत म्हणतील."

मला ते जमणारं नव्हतं. ज्याच्या श्वासाचा प्रश्न, त्याच्याशीच बोलायला हवं. तिला तसं सांगितलं, तिने सुस्कारा टाकून नंबर दिला.

काका येणार नाही वगैरे काही म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "व्होल्टेज किती, मॅडम? एकशेवीस ना? आणि वेव्हफॉर्म शुद्ध साइन आहे का?" मी म्हटलं, "काका, जनरेटर रात्री बंद असतो." ते म्हणाले, "ते कळलं मला. मी दिवसाचं विचारतोय. बॅटऱ्या दिवसाच चार्ज होणार ना?"

पुढचा अर्धा तास मी फक्त लिहून घेत होते. त्यांच्याकडे प्लगमध्ये खोचायचं छोटं मीटर होतं आणि मशीन किती वीज खातं याची नोंद त्यांनी आधीच करून ठेवली होती, हौस म्हणून. हवा दमट करणारा ह्युमिडिफायर आणि गरम नळी चालू असली तर रात्रीला तीनशे वॉट-तासांच्या वर. दोन्ही बंद ठेवलं तर ऐंशीच्या आसपास. "सगळी वीज पाणी तापवण्यात जाते," ते म्हणाले, "हवा ढकलायला काही लागत नाही."

आता विमानाचे नियम. लिथियम बॅटरी शंभर वॉट-तासांच्या आतली असेल तर विमानकंपनीची वेगळी परवानगी लागत नाही. शंभर ते एकशेसाठ असेल तर लागते, आणि तशा सुट्या दोनच नेता येतात. सुटी बॅटरी कुठलीही असो, ती हातातल्या बॅगेत हवी. खाली जाणाऱ्या सामानात चालत नाही. काकांनी पंचाण्णव वॉट-तासांची बॅटरी शोधून ठेवली. कागदावर एक बॅटरी म्हणजे एक रात्र. मी म्हटलं, "मग दोन घ्या, आलटून पालटून." ते म्हणाले, "थंडीत क्षमता घटते. दोन जोडून एक रात्र काढायची, तिसरी राखीव. मी आयुष्यभर स्टँडबाय ट्रान्सफॉर्मर ठेवून काम केलंय, मॅडम."

ह्युमिडिफायरशिवाय झोपणं त्यांना चालेल का हे ठरवणं ना माझं काम ना त्यांच्या मीटरचं. डॉक्टरांना विचारा आणि आधी घरी तसं झोपून बघा, एवढं मी सांगितलं. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. घसा कोरडा पडतो, उशाशी पाणी ठेवा, म्हणाले.

लॉजचा मॅनेजर दिवसातून दोनदाच सापडतो. पाहुणे नदीवर जायच्या आधी आणि ते परतल्यावर. संध्याकाळी तो उपग्रहाच्या इंटरनेटवरून बोलायला आला. एका माणसासाठी रात्रभर जनरेटर चालवणार नाही, हे त्याने आधीच सांगून टाकलं. मला ते पटलं. तिथे इंधनाचा थेंबन् थेंब विमानाने येतो, आणि त्या धडधडीत बाकीच्यांनी झोपायचं कसं? पण बॅटऱ्यांसाठी त्याने मुख्य हॉलमधला एक प्लग काकांच्या नावाने राखून ठेवला आणि सर्वांत जवळची केबिन दिली. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबद्दल त्यानेच विचारलं. तिथे गळाचा काटा, म्हणजे टोकाजवळची उलटी अणी, पक्कडीने दाबून सपाटच करतात. मासा सोडायला सोपा जातो आणि बोटात घुसला तरी मांस न फाडता निघतो. पण काकांच्या बाबतीत तोही गाइडने काढायचा नाही, दाब देऊन धरायचं आणि फोन करायचा, असं ठरलं. त्या भागातलं रुग्णालय डिलिंगहॅमला आहे. तिथे जायलाही विमानच लागतं आणि विमानाला हवामान लागतं. हे मी काकांना जसंच्या तसं सांगितलं. ते "बरं" म्हणाले.

मशीन आणि तीन बॅटऱ्या मिळून आठ-नऊ पौंड भरले. प्रवासी विमानात सीपॅप वैद्यकीय उपकरण म्हणून हातातल्या सामानात धरत नाहीत, पण बीव्हरला पौंड म्हणजे पौंड. काकांनी स्वतःचे वेडर्स, म्हणजे पाण्यात उभं राहायचे जलरोधक पायघोळ, आणि बूट यादीतून काढले, लॉजकडे त्यांच्या मापाचे होते. मित्राचेही काढायला लावले. त्यांचे जुने बूट फेल्टच्या, म्हणजे नमद्यासारख्या दाबलेल्या कापडाच्या, तळव्याचे होते. ओल्या फेल्टमध्ये एका नदीतले जीव दुसऱ्या नदीत जातात, म्हणून २०१२ पासून अलास्काच्या गोड्या पाण्यात ते घालून मासेमारी करता येत नाही. जावयाच्या यादीत अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा होता. तो विमानाच्या ना हातातल्या बॅगेत चालतो ना खाली, तोही खोडला.

राहता राहिली फेऱ्यांची यादी. त्या आठवड्याचे पाहुणे दोन फेऱ्यांत जाणार होते. वजनाचा तोल सांभाळायला पायलट माणसं एका फेरीत आणि काही बॅगा दुसरीत टाकतात, त्यात वावगं काही नाही. मी मॅनेजरकडून लिहून घेतलं की काकांचं मशीन आणि बॅटऱ्या काका ज्या विमानात असतील त्याच विमानात जातील, जागा नसेल तर मांडीवर. मुलीला हा अतिरेक वाटला. "दुसरी फेरी तासाभरात तर असते," ती म्हणाली.

त्या दिवशी सकाळी धुकं होतं. फ्लोटप्लेनचा पायलट बाहेर बघून उडवतो, समोरचं दिसेना झालं की उड्डाण नाही. दुपारी फट मिळाली, पहिली फेरी गेली. त्यात काका आणि त्यांचा मित्र होते. विमान परत येईतो नदीवर पुन्हा धुकं उतरलं आणि दुसरी फेरी रद्द झाली. मुलगी-जावई किंग सॅमनला अडकले, बाबा पलीकडे. तिचा मेसेज आला तो फक्त "मशीन?" एवढाच. मी पायलटच्या कंपनीकडून सामानाची यादी मागवली. काकांच्या नावापुढे लिहिलं होतं: एक काळी बॅग, प्रवाशासोबत. त्यांच्या कपड्यांची बॅग मात्र दुसऱ्या फेरीसाठी मागे राहिली होती, तिला मी फोटोसकट तसं कळवलं. रात्री साडेदहानंतर मॅनेजरचा निरोप आला. जनरेटर बंद झाला आहे, मशीन चालू आहे, आणि तुमच्या काकांनी माझा एक पायजमा उसना घेतला आहे.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास धुकं उठलं आणि बाकीचे पोचले. परतीला आभाळ स्वच्छ होतं. अँकरेजची मोकळी रात्र काहीच न अडता गेली, आणि जावयाने त्या हॉटेलचं बिल मला आवर्जून पाठवलं.

काकांची ईमेल नंतर आली. तिच्यात एक कोष्टक होतं: रोज रात्रीचा वापर, सकाळी उरलेली क्षमता, केबिनचं तापमान. सर्वांत थंड रात्री पहिली बॅटरी पहाटेच्या आतच संपली होती आणि दुसरीने पुढचं सांभाळलं होतं, त्या ओळीला त्यांनी लाल रंग दिला होता. राखीव बॅटरी एकदाही लागली नाही. तळाशी एका ओळीत मासा: रेनबो, सव्वीस इंच, मण्यावर, सोडून दिला. त्याखाली त्या जनरेटरच्या अर्थिंगबद्दल मात्र दोन परिच्छेद होते.

ते मी भाषांतर करून मॅनेजरला पाठवले. त्याने उलट टपाली विचारलं, काका पुढच्या सप्टेंबरला मोकळे आहेत का, आणि येताना ते मीटर आणतील का.