कामाची तारीख आठवते का?

मी अंतर्गत डोस, म्हणजे आत शिरलेल्या किरणोत्सर्गी द्रव्यामुळे शरीराला मिळालेली किरणांची मात्रा, काढण्याचं काम करते असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: श्वासातून किंवा पोटातून आत गेलेलं किरणोत्सर्गी द्रव्य तुम्ही मोजता तरी कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. डोस आम्ही मोजत नाही, हिशोबानं काढतो. बाहेरून येणाऱ्या किरणांसाठी कामगाराच्या छातीवर बॅज असतो. आत शिरलेल्या द्रव्यापुढे तो निरुपयोगी. सीझियम-१३७ सारखं गॅमा किरण सोडणारं द्रव्य असेल तर माणसाला होल बॉडी काउंटर या अख्खं शरीर तपासणाऱ्या यंत्राखाली झोपवून बाहेरूनच ते किरण टिपता येतात. तिथे पडद्यावर १४६० केईव्ही (किरणांच्या ऊर्जेचं एकक) या आकड्यापाशी एक सुळका प्रत्येकाचाच उमटतो. तो आपल्या सगळ्यांच्या अंगात नैसर्गिकपणेच असणाऱ्या किरणोत्सर्गी पोटॅशियम-४० चा. काहीजण तो पाहून घाबरतात, मग समजावून सांगावं लागतं.

ट्रिटियमची, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजनची, गोष्ट वेगळी. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकांसारख्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत ते तयार होतं आणि वाफेबरोबर श्वासातून, त्वचेतूनही आत जातं. त्याचे बीटा कण इतके दुबळे, की शरीराबाहेर येतच नाहीत. पण ट्रिटियमचं पाणी शरीरातल्या सगळ्या पाण्यात सारखं मिसळतं. म्हणून लघवीचा नमुना पुरतो. त्यातलं थोडंसं छोट्या कुपीत घ्यायचं, चमक देणारं द्रावण मिसळायचं आणि अंधाऱ्या यंत्रात ठेवायचं. यंत्र लुकलुकणं मोजतं.

समजा, लिटरला १ लाख बेक्वरेल आले (सेकंदाला एक अणू फुटला की एक बेक्वरेल). शरीरात साधारण ४२ लिटर पाणी, म्हणजे ४२ लाख बेक्वरेल. त्यातून डोस निघतो सुमारे ०.०८ मिलिसिव्हर्ट, हे डोसाचं एकक. पण हे द्रव्य कालच आत गेलं असेल तर. ट्रिटियम साधारण दर १० दिवसांनी निम्मं होतं. २० दिवसांपूर्वी गेलं असेल, तर तेव्हा ते चौपट होतं, आणि डोसही चौपट, ०.३ च्या घरात. कुपी तीच, आकडा तोच. बदलली ती फक्त तारीख. तारीख कळलीच नाही तर मागचा नमुना आणि हा नमुना यांच्या मधला दिवस धरतात. प्लुटोनियमसारखं द्रव्य हाडांत, यकृतात वर्षानुवर्षं मुक्काम करतं. त्याचा तर पुढच्या ५० वर्षांचा डोस त्याच वर्षाच्या खात्यावर मांडला जातो.

म्हणून यंत्रापेक्षा मला समोरच्या माणसाचं बोलणं जास्त मोलाचं वाटतं. एका कंत्राटी मुलानं मला "कालच" म्हणून सांगितलं होतं. काम जाईल या भीतीनं. वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा असते, त्याचा डोस तिच्या जवळपासही नव्हता. मी त्याला ते कागदावर मांडून दाखवलं आणि पाणी भरपूर पी म्हटलं, कारण त्यानं ट्रिटियम लवकर निघून जातं. दुसऱ्या दिवशी तो दारात उभा.

"ताई, काल नाही. पंप उघडला होता ना, त्या दिवशी. मास्क जरा सैल होता."

त्या दिवसाला १९ दिवस झाले होते. मी हिशोब परत केला.