सीमेपलीकडचं डिझेल आणि आमचं भाडं

आमचा धंदा मालवाहतुकीचा. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, बंगळुरू-होसूरला, मार्केट यार्डातला गूळ गुजरातला, आणि येताना मिळेल ते परतीचं भाडं. वडिलांनी एका जुन्या ट्रकवर सुरुवात केली, आता आम्ही दोघे भाऊ बघतो. भाड्याच्या रुपयातला सगळ्यात मोठा वाटा डिझेल खातं. टोल, टायर, ड्रायव्हरचा पगार, बँकेचा हप्ता हे सगळं त्याच्या मागून येतं. त्यामुळे आमची वाटचाल सांगायची तर डिझेलच्या दरापासूनच सुरू करावी लागते.

वडिलांच्या काळात दर दिल्लीत ठरायचा. ‘मध्यरात्रीपासून दरवाढ’ अशी बातमी आली की संध्याकाळी पंपावर रांग लागायची, आणि मग पुढे काही महिने शांतता. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर मोकळे झाले, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी सहाला नवा दर लागू लागला. पाठोपाठ १ जुलैला जीएसटी आला आणि सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले. कागद दाखवत थांबण्यात जाणारे तास वाचले, ही आमच्यासाठी फार मोठी गोष्ट होती. पण डिझेल-पेट्रोल जीएसटीच्या बाहेर राहिलं, आणि प्रत्येक राज्याचा व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा कर, वेगळा राहिला.

पंपावरच्या दरात काय काय असतं ते आम्ही ऑफिसातल्या प्रत्येक नव्या पोराला आधी समजावतो. कंपनीचा मूळ भाव, डेपोपासूनचं वाहतूक भाडं, केंद्राची एक्साइज म्हणजे उत्पादन शुल्क, पंपवाल्याचं कमिशन, आणि या सगळ्यावर राज्याचा व्हॅट. म्हणजे एक्साइजवरही व्हॅट बसतो. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे, नवी मुंबईत डिझेलवर २४ टक्के व्हॅट होता आणि बाकी राज्यात २१ टक्के. जुलै २०२४ पासून सगळीकडे २१ झाला. तोवर आमच्या गाड्यांना सक्त ताकीद होती, की ठाण्यात पंपावर गाडी लावायची नाही. गुजरातला निघताना कोल्हापुरात बेताचं भरायचं आणि तलासरी ओलांडून गुजरातेतल्या भिलाड-वापीला टाकी फुल्ल करायची.

डेपोच्या अंतराचा परिणाम बघायचा असेल तर परभणीचा दर बघावा. मुंबईपेक्षा व्हॅट कमी असूनही परभणीचं पेट्रोल कित्येक वर्षं राज्यात सगळ्यात महाग, कारण टँकर मनमाडच्या डेपोतून तीनशे किलोमीटरच्या वर चालून येतो. मराठवाड्यातलं भाडं घेताना आम्ही हे आधी धरतो.

हैदराबादचा रस्ता तर एका दिवसात तीन राज्यं दाखवतो. सोलापूर, उमरगा, मग कर्नाटकातलं हुमनाबाद, मग जहीराबादला तेलंगणा. तेलंगणात डिझेलवर २७ टक्के व्हॅट. मुंबईत नव्वदच्या आसपास दर होता तेव्हा हैदराबादेत पंचाण्णवच्या वर होता. त्या लाइनवर हुमनाबादला भरलं नाही तर ट्रिपची कमाई तिथंच कमी होते.

पण कोल्हापूरकरांच्या जवळचा विषय म्हणजे निपाणी. कागल सोडलं, कोगनोळीचा टोलनाका आला, की आपण कर्नाटकात. नोव्हेंबर २०२१ मध्ये, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, केंद्राची एक्साइज पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर दहा रुपयांनी उतरली. कर्नाटक, गोवा, गुजरात या तिघांनीही आपापला कर कमी करून आणखी सात रुपये सोडले. महाराष्ट्रानं तेव्हा व्हॅटला हात लावला नाही. मुंबईत डिझेल ९४.१४ आणि बंगळुरूत ८५.०१. पेट्रोल मुंबईत १०९.९८ आणि बंगळुरूत १००.५८. सीमेजवळच्या गावांतले दुचाकीवालेसुद्धा पलीकडे जाऊन भरायला लागले, आणि आपल्या बाजूचे पंपवाले हातावर हात धरून बसले. त्यांचा काही दोष नव्हता. त्यातले काही आमचे जुने लोक, उधारीवर गाडी चालू ठेवून देणारे. त्यांच्याकडे आमची खाती आजही चालू आहेत.

त्याच दिवसांत आमच्या लाइनवर भाडं पाडायची चढाओढ लागली. निपाणीचा दर धरून लोक कोटेशन देऊ लागले. काही गिऱ्हाईक आमच्याकडूनही सुटली. वडिलांनी मात्र ठाम सांगितलं, ‘‘भाडं कोल्हापूरच्या दरानंच बसवायचं. पलीकडचा फरक सरकारनं दिलाय, सरकार कधीही काढून घेईल. तो टायरच्या खात्यात टाका.’’ आम्ही तसंच केलं. फरकाची रक्कम वेगळी लिहायची आणि त्यातून टायर घ्यायचे.

पुढं तसंच घडलं. आधी २२ मार्च २०२२ पासून सोळा दिवसांत सगळीकडेच दहा रुपये वाढले. मग महाराष्ट्रानं जुलै २०२२ मध्ये डिझेल तीन रुपयांनी उतरवलं, फरक घटला. जून २०२४ मध्ये कर्नाटकानं कर वाढवला, डिझेल तीन रुपयांच्या वर चढलं. १ एप्रिल २०२५ पासून तिथला कर २१.१७ टक्के झाला. आपला २१, त्यांचा २१.१७. निपाणीला थांबण्यात अर्थच उरला नाही. ज्यांनी तो फरक धरून वर्षाचे करार केले होते, त्यांचे हाल आम्ही जवळून पाहिले.

गोव्याचीही आठवण आहे. एप्रिल २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारनं पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला, पेट्रोल अकरा रुपयांनी उतरलं. लगेच एका व्यापाऱ्याचा फोन, ‘‘गोव्यात तेल स्वस्त झालंय, भाडं कमी करा की.’’ सवलत फक्त पेट्रोलला होती, आमच्या गाड्या डिझेलच्या. त्यांना समोर बसवून दोन्ही दर कागदावर लिहून दाखवले. ते आजही आमचेच गिऱ्हाईक आहेत. तेव्हापासून दर विचारणाऱ्या प्रत्येकाला पूर्ण हिशेब दाखवायची आमच्याकडे पद्धतच पडली.

स्वस्त पंप शोधण्यापेक्षा गाडीचं अ‍ॅव्हरेज सांभाळणं जास्त देऊन जातं, हे आमचं ठाम मत आहे. कोल्हापूर-बंगळुरू जाऊन-येऊन बाराशे किलोमीटर धरा. चारच्या अ‍ॅव्हरेजला तीनशे लिटर लागतं. लिटरमागं पाच रुपये स्वस्त मिळालं तर दीड हजार वाचतात. तेच अ‍ॅव्हरेज ४.३ झालं तर एकवीस लिटर कमी लागतं, म्हणजे नव्वदच्या दरानं जवळपास एकोणीसशे. टायरमधली हवा, एअर फिल्टर, आणि चित्रदुर्गच्या सरळ रस्त्यावर पाय आवरणारा ड्रायव्हर, यातून हे मिळतं, आणि कुठलंही सरकार ते बदलू शकत नाही. ४.३ च्या वर गाडी आणणाऱ्या ड्रायव्हरला वाचलेल्या डिझेलचा निम्मा पैसा आम्ही रोख देतो.

आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली. फरक मोठा होता तेव्हाही ते निपाणीत टाकी गच्च भरत नसत. ‘‘मालक, पुढं बंगळुरूपर्यंत सगळं कर्नाटकच आहे. इथंच कशाला भरू?’’ दोनशे लिटर डिझेलचं वजन एकशे पासष्ट किलोच्या आसपास होतं. कास्टिंगची गाडी वजनकाट्यावर आधीच काठावर असते. ते निपाणीला थोडं भरायचे, बाकीचं हुबळीच्या पुढं. येताना मात्र संकेश्वरला फुल्ल.

आता आमच्या प्रत्येक वार्षिक करारात डिझेलचं कलम असतं. कराराच्या दिवशीचा कोल्हापूरचा दर लिहायचा, भाड्यात डिझेलचा वाटा किती ते दोघांनी मिळून ठरवायचं. तो वाटा ४५ टक्के असेल आणि डिझेल दहा टक्क्यांनी वाढलं, तर भाडं साडेचार टक्के वर. उतरलं तर तितकंच खाली, आणि ते गिऱ्हाइकानं मागायच्या आधी आम्हीच कमी करतो. कारखान्यांचे पर्चेसवाले सुरुवातीला कां-कूं करायचे. मे २०२२ मध्ये एक्साइज सहा रुपयांनी उतरली आणि आमचं कमी दराचं बिल आपणहून त्यांच्या टेबलावर गेलं, त्यानंतर या कलमावर वाद झाला नाही.

डिझेल जीएसटीत यावं, ही आमची उघड मागणी आहे. लाइनीवरचा कराचा फरक संपेल, आमचाही थोडा फायदा जाईल, चालेल. पाच-सहा गाड्यांच्या मालकाला सगळ्या राज्यांत एकच कर असणं जास्त मोलाचं आहे. तोवर करारातल्या त्या कलमाचा मराठी मसुदा ऑफिसात ठेवलेला आहे. नव्यानं गाडी घेतलेलं कुणीही येऊन प्रत न्यावी, पैसे लागत नाहीत.