तळघरातला बंब

जानेवारीतली गोष्ट आहे. पहाटे चारच्या सुमारास मला जाग आली आणि कशाने आली तेच कळेना. पोरगी गाढ झोपलेली, नवरा ऑफिसच्या कामाने पुण्याला गेलेला, फोन गप्प. दोन मिनिटं तशीच पडून राहिले आणि मग लक्षात आलं की अरे, घरच गप्प आहे. बेडरूमच्या कोपऱ्यात जमिनीला एक जाळी आहे, तिच्यातून थंडीभर दर थोड्या वेळाने भsss करून एक सुस्कारा येत असतो, इतका नेहमीचा की तो आवाज आहे हेच आपण विसरून जातो. तो येत नव्हता. नाकाचा शेंडा गार पडला होता.

उठून थर्मोस्टॅट (घर किती गरम ठेवायचं ते ठरवणारं यंत्र) बघितला तर ५९. लावलेला होता ६८ ला. बाहेर ४. हे सगळं फॅरनहाइटमधलं, म्हणजे बाहेर उणे पंधरा-सोळा सेल्सिअस समजा. आम्ही राहतो मिशिगनमधे, डेट्रॉइटजवळ नोव्हायला, इथे मराठी माणसं पुष्कळ आणि उन्हाळा थोडा.

मी इथे नवीन आले तेव्हा 'घराला फर्नेस आहे' हे वाक्य ऐकून मला हसूच आलं होतं. फर्नेस म्हणजे आपल्याकडे कारखान्यातली भट्टी, लोखंड वितळवतात ती. ती घरात कशाला? मग नवऱ्याने बेसमेंटमधे नेऊन दाखवलं, कोपऱ्यात गोदरेजच्या कपाटासारखं एक राखाडी पत्र्याचं कपाट उभं, त्याच्या डोक्यातून पत्र्याचे मोठमोठे बोगदे निघून घरभर गेलेले, आणि कपाटाच्या पोटात घर गरम करायला गॅसचा जाळ. खरं सांगायचं तर आठवडाभर मला नीट झोप लागली नाही. आपण वर झोपायचं आणि खाली रात्रभर जाळ पेटवून ठेवायचा, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला कोणी नाही! आमच्या घरी आई देवापुढचा दिवा तेवत ठेवून शेजारीसुद्धा जायची नाही.

तर त्या पहाटे स्वेटरवर नवऱ्याचं जॅकेट चढवून खाली गेले. फर्नेस मेला नव्हता. प्रयत्न करत होता बिचारा. आधी एक बारीक घुंsss असा आवाज यायचा, मग टक्, मग जाळीमागे एक लालभडक निखारा दिसायचा, मग भप्प करून निळा जाळ पेटायचा, वाटायचं चला झालं, आणि तीन-चार सेकंदात विझायचा. परत घुंsss, परत टक्, परत भप्प, परत विझला. असं तीन वेळा करून गप्प बसला आणि त्याचा एक बारका दिवा लुकलुकायला लागला.

बाबांना का फोन लावला मला सांगता येणार नाही. त्यांनी जन्मात फर्नेस बघितलेला नाही. पण कराडला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते आणि जेवून वामकुक्षीच्या आधी ते पेपर घेऊन बसलेले असतात हे पक्कं माहीत होतं.

"एवढ्या पहाटेचं काय गं?"

"बाबा, फर्नेस बंद पडलाय. घरात ५९ आहे."

"एकोणसाठ म्हणजे आपलं किती?"

"पंधरा."

"आणि एरवी?"

"वीस."

"वीसला मी मफलर काढतो कपाटातनं," बाबा म्हणाले. "बरं. आवाज ऐकव मला."

मी मेन स्विच बंद करून परत चालू केला (असा एक साधा दिव्याच्या बटणासारखा स्विच फर्नेसच्या शेजारीच असतो, आणि आमच्या ओळखीतल्या एका घरात दिवा समजून कोणीतरी तोच बंद केला होता आणि तंत्रज्ञ येऊन बटण दाबून पैसे घेऊन गेला, पण ते असो). फोन समोर धरला. घुंsss, टक्, भप्प, गप्प. बाबांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "पेटतोय म्हणजे गॅस येतोय. विझतोय म्हणजे कुणीतरी विझवतंय. कोण विझवतंय ते बघ."

झाकणाच्या आतल्या बाजूला एक तक्ता चिकटवलेला असतो, दिवा किती वेळा लुकलुकला म्हणजे काय बिघडलं याचा. मोजलं. फ्लेम सेन्सर. फोनवरच शोधून वाचलं तेव्हा कळलं की ही एक साधी सळी असते, पेन्सिलीहून बारीक, टोक जाळात धरलेलं. जाळातून अगदी किंचित वीज वाहते म्हणे, अँपिअरच्या दहा लाखाव्या भागात मोजावी इतकी, आणि ती मिळाली की मशीनला खात्री पटते की हो, जाळ खरंच पेटलाय. नाही मिळाली तर ते गृहीत धरतं की गॅस नुसताच सुटतोय, आणि लगेच व्हॉल्व्ह बंद करतं. म्हणजे जाळ ढळढळीत समोर पेटलेला असतो पण सळीवर पुटं चढलेली असतील तर मशीनला तो दिसतच नाही. एकदम सासूच. पण चांगल्यासाठी संशयी आहे म्हणून माफ.

"सळीवर थर चढतो म्हणतायत बाबा, साफ करायची."

"मग प्लगच की गं तो!"

आणि मला आमची चेतक आठवली. स्कूटर आडवी करून किक मारून मारून दमले की बाबा डिकीतून पाना काढायचे, प्लग खोलायचे, आणि पॉलिश पेपर माझ्या हातात द्यायचे, कारण माझी बोटं बारीक. 'घास, चांदीसारखा दिसला पाहिजे.' शाळेला उशीर होतोय, युनिफॉर्मवर काळे डाग, आणि मी फुटपाथवर बसून कार्बन घासतेय. पॉलिश पेपर इथे नव्हता, आणि तो जास्त खरखरीत म्हणून सेन्सरला चालतही नाही असं वाचलं. मग वरून भांडी घासायची हिरवी घासणी आणली, नवीकोरी. मेन स्विच बंद केला, एक स्क्रू काढला, सळी अलगद बाहेर ओढली. काळी नव्हती, नुसती मळकट पांढरी, तव्याला मीठ लागून वाळावं तशी. हलक्या हाताने घासली, पुसली, परत लावली. बाबा कराडहून "वायर ओढू नको, वायर ओढू नको" करत होते. एवढंच केलं हां मी, गॅसच्या पाइपला आणि व्हॉल्व्हला बोट लावलं नाही, आणि गॅसचा वास आला असता तर बाबांशी बोलत न बसता पोरीला उचलून घराबाहेर पडले असते.

घुंsss. टक्. भप्प. मी मनातल्या मनात आकडे मोजत होते. पाच, सहा, सात... वीस... तीस... आणि मग खालचा मोठा पंखा फिरायला लागला आणि घराने सुस्कारा टाकला. मी बेसमेंटच्या पायरीवर बसून थोडं रडले, थंडीने असेल. बाबा म्हणाले, "चल, मी पडतो जरा."

झोप तर गेलीच होती. चहा करून बसले आणि ३० जानेवारी २०१९ ची रात्र आठवली. भयंकर थंडी होती, पोलर व्होर्टेक्स का काय ते, आणि नेमकी त्याच दिवशी मॅकोम्ब काउंटीत गॅसच्या एका मोठ्या कॉम्प्रेसर स्टेशनला आग लागलेली. रात्री सगळ्यांचे फोन एकदम केकाटले, सरकारी इशारा, गॅस पुरायला हवा तर थर्मोस्टॅट ६५ किंवा त्याच्या खाली आणा म्हणून. एका खोलीत गोधड्या घेऊन बसलो होतो आम्ही. थर्मोस्टॅटवरून रोज भांडणारे नवरा-बायको त्या दिवशी भांडले नसतील, म्हणजे मिशिगनभर. एरवी आमच्याकडे तो ६६ करतो, मी ७० करते. ज्याने हे यंत्र काढलं तो विस्कॉन्सिनचा एक प्राध्यापक होता, वॉरन जॉन्सन. वर्ग किती थंड आहे ते बघायला शिपाई तास चालू असताना सारखा आत यायचा, त्याला वैतागून त्याने १८८३ मधे विजेवर चालणारा थर्मोस्टॅट पेटंट केला. शांततेसाठी केलेला शोध! आमच्या घरात येऊन बघायला हवा होता.

सकाळी मात्र शहाण्यासारखा एका कंपनीला फोन केला, कारण घासणीवर किती दिवस काढणार. टॅब्लेट घेऊन एक तरतरीत पोरगा आला. दहा मिनिटं आत डोकावला आणि गंभीर चेहरा करून म्हणाला, मॅडम, हा एकोणीस वर्षांचा आहे, हीट एक्स्चेंजरला तडा गेलाय, मी याला रेड टॅग लावायला हवा. रेड टॅग म्हणजे 'हा धोकादायक आहे, चालवू नका' अशी लाल चिठ्ठी. नवीन फर्नेस आठ हजार चारशे डॉलर, आजच सही केली तर सूट. तडा दाखवा म्हटलं तर फोनवर एक फोटो दाखवला, त्यात मला तर पत्र्यावरचा ओरखडा दिसत होता, किंवा केस.

आता हीट एक्स्चेंजर हा प्रकार मला इथल्या कोणीही समजावून सांगायची गरज नव्हती, कारण तो म्हणजे आमच्या आजीचा बंब. तांब्याचा बंब ज्यांनी पेटवलाय त्यांना लगेच कळेल. मधल्या नळीत गोवऱ्या आणि ढलप्यांचा जाळ, भोवती पाणी, आणि धूर वरच्या वर. जाळ आणि पाणी एकमेकांना शिवायचे नाहीत पण गरमी मात्र मिळायची. फर्नेसमधे पाण्याच्या जागी हवा. लोखंडी नळ्यांच्या आत जाळ, बाहेरून घरातली हवा फिरते, आणि जळका वायू छपरातून बाहेर. म्हणून नळीला तडा जाणं ही थट्टेची गोष्ट नाही, आतला कार्बन मोनॉक्साइड घरच्या हवेत येऊ शकतो, त्याला ना रंग ना वास. आमच्याकडे प्रत्येक मजल्यावर त्याचा अलार्म आहे आणि त्यातला एकही वाजला नव्हता. तरी मनात पाल चुकचुकलीच. मी त्या पोराला थँक्यू म्हणून वाटेला लावलं, फर्नेस बंद ठेवला, दिवसभर दोन हीटर लावून आणि नळ बारीक सोडून काढला (पाइपात पाणी गोठलं की पाइप फुटतो), आणि मैत्रिणीच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या माणसाला बोलावलं.

हा माणूस पाठीवर हात ठेवून वाकत वाकत खाली उतरला. टॅब्लेट नाही. एक टॉर्च, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला लांब दांडीचा आरसा, आणि वायू मोजायचं यंत्र. पाऊण तास एकेक नळी बघितली. तडा नव्हता. मग त्याने फिल्टर ओढून बाहेर काढला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बघितलं.

इथे मला कबुली द्यायला हवी. फिल्टर महिन्या-दोन महिन्याने बघायचा असतो, आमचा गेल्या मार्चचा होता. त्याला नुसती धूळ नव्हती, दहा महिन्यांच्या फोडण्या होत्या. मिरचीचा ठेचा, सुकट, गोडा मसाला भाजला तो दिवस, सगळं त्याच्यात थरावर थर. म्हाताऱ्याने वास घेतला आणि म्हणाला, तुमच्याकडे जेवण चांगलं असणार. मग समजावलं की हवाच ओढता आली नाही की नळ्या नको तेवढ्या तापतात, सुरक्षेचा स्विच पडतो, फर्नेस बंद-चालू होत राहतो, आणि असं वर्षानुवर्षं झालं की मग खरंच तडा जातो. मी मान डोलावली. पाणी न घालता बंब पेटवला की डाख सुटतो आणि आजीचा हात सुटतो, हे मी सहाव्या वर्षी शिकले होते. डॉलर कमवायला लागल्यावर विसरले इतकंच.

नवीन सेन्सर बसवला, एकशे चाळीस घेतले, आणि जाताना म्हणाला, हे सगळं थंडीच्या आधी करायचं असतं, ऑक्टोबरात बोलवा.

ऑक्टोबर म्हटल्यावर मला खंडेनवमी आठवणार नाही असं कसं होईल. बाबा त्या दिवशी चेतक धुवायचे, पाने-पक्कड तेल लावून पाटावर मांडायचे, प्लगसुद्धा घासून पुसून चकचकीत. पूजा पाच मिनिटांची, साफसफाई सगळी सकाळ. आम्ही इथे काय करतो, तर गाडीच्या चाकाखाली लिंबू आणि लॅपटॉपला एक फूल. तर गेल्या खंडेनवमीला मी आणि पोरगी खाली गेलो, कपाटाभोवतीचे खोके हलवले, जाळ्यांमधला केसकचरा व्हॅक्यूमने ओढला, नवा फिल्टर घातला, त्याच्या कडेवर मार्करने तारीख लिहिली, आणि पत्र्यावर हळद-कुंकवाचं बोट लावलं. झेंडूची माळही घालायची होती तिला, पण जाळाजवळ नको म्हटलं, ती वॉटर हीटरपासूनही लांब, पायरीच्या कठड्याला बांधली. मग हंगामातला पहिला फर्नेस लावला. पहिल्या दिवशी उन्हाळाभरची धूळ जळून एक वास येतो, वर्षभर पडून असलेली इस्त्री तापवल्यासारखा. पोरगी म्हणाली, आई, थंडीचा वास.

आठवड्याने म्हातारा सर्व्हिसिंगला आला. जिन्यावरूनच त्याने टॉर्च मारला आणि पत्र्यावरचा तो लाल ठिपका बघून जागीच थांबला.

"याला रेड टॅग कोणी केला?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. अर्ध्या इंग्रजीत खंडेनवमी सांगणं काय सोपं आहे, पण तो शेवटपर्यंत ऐकत होता. मग त्याने काम केलं, मापं घेतली, आणि तारखेचा स्टिकर चिकटवायला गेला तेव्हा नेहमीच्या जागी कुंकू होतं. त्याने स्टिकर चार बोटं खाली चिकटवला.