दर सहा सुरांत दोन नाठाळ: काकांच्या ज्युनो-१०६ची दुरुस्ती

गेल्या वैशाखात, आगोटीचे सामान ठेवण्यासाठी माळा रिकामा करताना, थोरल्या काकांचा रोलँड कंपनीचा ज्युनो-१०६ हा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर ध्वनी घडवणारे पेटीसारख्या पट्ट्यांचे वाद्य, खाली उतरवला. मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रात ते तो वाजवत असत. गावी, रत्नागिरीला परतल्यावर काही वर्षे तो गणपतीत वाजला आणि नंतर माळ्यावर गेला, तो तीसेक वर्षे तिथेच होता. भजनी मंडळांचे अँप्लिफायर आणि इको मशीन दुरुस्त करण्यावर माझे घर चालते, त्यामुळे काकांनी तो माझ्या टेबलावर ठेवला आणि एवढेच विचारले, ‘‘उघडलास तर परत बसवशील ना रे?’’

ज्युनो-१०६ १९८४ साली बाजारात आला. त्यात सहा आवाज आहेत, म्हणजे एका वेळी सहाच सूर वाजतात आणि प्रत्येक आवाजाला स्वतःचा फिल्टर (ध्वनीचा कोणता भाग पुढे सोडायचा ते ठरवणारा) आणि स्वतःचा व्हॉल्यूम-नियंत्रक असतो. सुराची उंची मात्र डिजिटल घड्याळाच्या ठोक्यावरून ठरते, म्हणून हे वाद्य जुन्या अॅनालॉग सिंथसारखे तापून चढत नाही की थंडीत उतरत नाही. सूर बिघडला नसेल तर दोष पुढे, ध्वनीच्या वाटेवर शोधायचा, एवढी गोष्ट या रचनेमुळे आधीच हाती येते.

काकांचे वाद्य जपानी बाजारातले, १०० व्होल्टचे असल्याने स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागला. तीस वर्षे माळ्यावर पडलेले यंत्र उतरवल्याबरोबर प्लगला लावायचे नसते. मी खालचा पत्रा काढून दोन दिवस पंख्याखाली ठेवले, झुरळांची अंडी आणि एक वाळलेली पाल बाहेर काढली आणि मगच वीज दिली. मीटरवर अधिक १५, उणे १५ आणि ५ व्होल्ट हे तिन्ही पुरवठे जागेवर मिळाले. तरीही स्पीकरमधून गुणगुण येत होती. कोणतीही पट्टी दाबली तरी ती तशीच राही, म्हणजे ती सहा आवाजांच्या अलीकडची किंवा पलीकडची होती.

गुणगुणीच्या बाबतीत कान हे मीटरपेक्षा लवकर उत्तर देतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. अर्थिंगमधून शिरणारी गुणगुण साधारणपणे त्याच कंपनसंख्येची असते, तर पूर्ण तरंगाच्या रेक्टिफायरनंतरचा (एसी विजेची डीसी करणाऱ्या भागानंतरचा) फिल्टर-कॅपॅसिटर थकला असेल तर ती दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झची येते. पांढरी पाचचा खालचा सूर ९८ हर्ट्झचा आहे, तेव्हा शेजारी पेटी घेऊन बसले आणि पांढरी पाच धरली की गुणगुण तिच्यापेक्षा किंचित चढी आहे की एका सप्तकाने खाली आहे, हे भजनी बुवालाही सांगता येते. आमची गुणगुण खालच्या सप्तकातली निघाली. वैशाखात जांभा कोरडा ठणठणीत होतो आणि जुन्या घरांच्या अर्थिंगच्या खड्ड्याला ओल राहत नाही. खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतल्यावर गुणगुण निम्म्याहून कमी झाली. एकही कॅपॅसिटर बदलावा लागला नाही. फुगलेला नसलेला, मोजमापात चांगला असलेला कॅपॅसिटर केवळ ‘जुना आहे’ म्हणून बदलण्याची जी सरसकट पद्धत आहे, ती मला पटत नाही.

दुसरी तक्रार अशी की आवाज एकाच बाजूला येत होता. या वाद्याला कोरस आहे आणि त्यात एमएन३००९ नावाच्या दोन चिप ध्वनीला किंचित उशीर करून उजवी-डावी बाजू वेगळी करतात, म्हणून संशय आधी तिकडे गेला. परंतु कोरस बंद केला तरी उजवी बाजू गप्पच होती आणि हेडफोनमध्ये मात्र दोन्ही बाजू उत्तम वाजत होत्या, तेव्हा चिपचा प्रश्न मिटला. टॉर्च लावून मागच्या सॉकेटमध्ये पाहिले तर आत कुंभारीण माशीने मातीचे घरटे बांधलेले होते. पिन आत गेल्यासारखी वाटे, पण तिचे टोक मातीवर टेकून थांबे आणि पत्र्याला लागतच नसे. सुईने ती माती काढली, मऊ ब्रशने सॉकेट पुसले आणि उजवी बाजू बोलू लागली. पट्ट्यांच्या शेजारचे उभे लिव्हर सरकवताना येणारी खरखर याहून साधी होती. लिव्हर हलत असतानाच खरखर आली आणि हात थांबताच तीही थांबली, तर आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ आहे असे समजावे. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून लिव्हर वीसेक वेळा वरखाली करायचा. गंज सोडवणारे तेल मात्र मारू नये, ते नंतर धूळ धरून ठेवते.

खरी परीक्षा पुढे होती. एकेक सूर वाजवत गेले की दर सहा सुरांत दोन नाठाळ निघत. त्यांतला एक खरखरत, मधूनच तुटत वाजे, तर दुसरा पट्टी सोडल्यावरही मागे बारीक पुटपुटत राही. मेमरीत साठवलेल्या ध्वनींवर विसंबू नये म्हणून आधी मॅन्युअलचे बटण दाबून पॅनेलवरचे लिव्हर दाखवतात तोच ध्वनी घेतला, कारण बॅकअपची बॅटरी संपलेली असली की मेमरीत कचरा भरतो आणि तो ऐकून चांगले यंत्रही बिघडलेले भासते. मग की-ट्रान्सपोजचे बटण दाबून ठेवून वीज दिली. असे केले की वाद्य चाचणीच्या अवस्थेत सुरू होते आणि आत्ता कोणत्या क्रमांकाचा आवाज वाजतो आहे, तो आकडा समोर उमटतो. खरखरणारा चौथा होता आणि पुटपुटणारा सहावा.

इथे माझी चूक झाली. या वाद्यात प्रत्येक आवाजाचा फिल्टर आणि व्हॉल्यूम-नियंत्रक ८००१७ए नावाच्या एका छोट्या पट्टीवर (ही वाजवायची पट्टी नव्हे, बोर्डावरचा सुटा भाग) आहे आणि तिच्यावर काळ्या राळेचा लेप आहे. बरीच वर्षे उलटली की तो लेप विजेला थोडा वाहक होतो आणि आवाज खरखरतो, गळतो किंवा बंद पडतो. हा दोष इतका प्रसिद्ध आहे की ज्युनो-१०६ खरखरला म्हणजे ८००१७एच, असे मी गृहीत धरून बसलो. चौथ्या आवाजाची पट्टी सकरने सोल्डर ओढून काढली, काचेच्या भांड्यात दीड दिवस अॅसिटोनमध्ये भिजवली, लेप सोलला आणि परत बसवली. खरखर जशीच्या तशी! काका शेजारी बसून पेपर वाचत होते, त्यांनी फक्त चष्म्यावरून पाहिले.

जी चाचणी आधी करायला हवी होती ती मग केली. तरंगांची दोन्ही बटणे बंद ठेवायची, सब (खालच्या सप्तकातला जोडसूर) आणि नॉइज (सुराविना सळसळ) यांचे लिव्हर खाली आणायचे आणि फिल्टरचा रेझोनन्स पूर्ण वर न्यायचा. अशाने फिल्टर स्वतःच शीळ घालू लागतो. त्या शिळेला तरंगाच्या चिपची गरज नसते, ती जन्मते फिल्टरमध्ये आणि बाहेर पडते व्हॉल्यूम-नियंत्रकातून. चौथ्या आवाजाची शीळ स्वच्छ आली. याचा अर्थ ज्या पट्टीला मी अॅसिटोनमध्ये बुडवले, ती बिचारी निर्दोष होती आणि दोष तिच्या अलीकडे होता. तरंग घडवणारी एमसी५५३४ए ही चिप दोन-दोन आवाजांत मिळून एक असते, म्हणजे एकूण तीन. चौथ्याचा जोडीदार नीट वाजत होता, त्यामुळे चिपवरचा संशयही बराच कमी झाला. उरला तो चिप आणि पट्टी यांच्यामधला बोटभर रस्ता.

आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. खरखर सकाळी आणि तिन्हीसांजेनंतर येई, भर दुपारी जवळजवळ नाहीशी होई. श्रावणात मिठाची बरणी पाणी सोडते हे कोकणात पोरालाही ठाऊक असते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच ओल ओढून घेते, आणि समुद्रावरून येणारा वारा हे मीठ घरातल्या प्रत्येक वस्तूवर बारीक थराने बसवत असतो. कोरडे मीठ वीज वाहत नाही, ओले मीठ वाहते. मी हेअर ड्रायरने त्या बोटभर जागेवर ऊब दिली, तशी खरखर थांबली. मग तोंड जवळ नेऊन, चष्म्याच्या काचेवर सोडतो तशी वाफ सोडली आणि तीन-चार सेकंदांत चौथा आवाज पुन्हा खरखरू लागला. भिंगातून पाहिले तर एका छोट्या कॅपॅसिटरच्या पायाशी, कल्हई गेलेल्या पितळी पातेल्याच्या काठाला येतो तसा हिरवा कळंक होता आणि त्याच्यापासून शेजारच्या ट्रॅकपर्यंत पांढुरका ओघळ गेला होता.

अशी जागा बहुतेकजण नुसत्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात, मीही आजवर तेच करत आलो. परंतु मीठ अल्कोहोलमध्ये फारसे विरघळत नाही, ते पाण्यातच विरघळते. म्हणून वीज काढून, बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात ब्रश बुडवून ती जागा तीन वेळा धुतली, नंतर पाणी निघून जावे म्हणून अल्कोहोल फिरवले आणि रात्रभर बल्बच्या उबेत वाळवले. कळंकलेल्या पायाचे सोल्डर काढून नवे घातले. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला, खाडीकडून दमट वारा सुरू झाल्यावर, मुद्दाम तासभर तोच आवाज वाजवला. खरखर आली नाही.

सहाव्याची गोष्ट वेगळी निघाली. त्याच्या व्हॉल्यूम-नियंत्रकाला मिळणारा नियंत्रणाचा विद्युतदाब वाजवायची पट्टी सोडल्यावर नियमाप्रमाणे शून्यावर येत होता, तरी ध्वनी झिरपत होता. बोर्ड धुऊन, वाळवूनही फरक पडला नाही, तेव्हा दोष ८००१७एच्या पट्टीतच होता हे नक्की झाले. मुंबईहून मागवलेली बदली पट्टी खोक्यातूनच मुकी निघाली होती, म्हणून मूळ पट्टीलाच अॅसिटोन दाखवला. हे काम पडवीत, चूल आणि उदबत्ती यांच्यापासून लांब करावे, कारण अॅसिटोनची वाफ चटकन पेट घेते. दुसऱ्या दिवशी लेप लाकडी टूथपिकने सुटला, खालचे घटक दिसू लागले आणि परत बसवल्यावर पुटपुट थांबली. लेप काढलेल्या दोन्ही आवाजांचे फिल्टर मात्र बाकीच्या चारांशी जुळेनात. त्यांचे प्रीसेट, म्हणजे बोर्डावरचे बारीक जुळवणीचे स्क्रू, स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवत, सहाही शिळा एका सुरात येईपर्यंत अख्खी दुपार गेली.

कोरस चालू केला की अजूनही बारीक हिस्स ऐकू येते. ती या कोरसची जन्मजात आहे, तिच्यामागे मी लागलो नाही. वाद्य आता माळ्यावर जात नाही. माजघरातल्या कपाटात, पावसाळ्यात पेटी ठेवतो तिथेच, १५ वॉटच्या बल्बच्या उबेत ते असते. पहिल्या संध्याकाळी काकांनी एकच बोट ठेवून तोच सूर सलग सहा वेळा वाजवला, मग आणखी सहा वेळा, आणि म्हणाले, ‘‘चौथा अजून जरा नाकात बोलतोय.’’ मी पुन्हा स्क्रूड्रायव्हर घेतला. त्यांचे खरे होते.