सॅन होजेचे तिघं आणि मिरजेचा तंबोरा

सांगलीत कॉलेजला असताना विश्रामबागच्या रूमवर आम्ही एका मित्राच्या हार्ड डिस्कवरनं मिळेल ती गाणी ऐकायचो, त्यात एक फाइल होती त्रेसष्ट मिनिटांची, एकच गाणं, आणि बँडचं नाव स्लीप. तेव्हा एवढंच कळलं की गिटार फार खालच्या सुरात आहे आणि कुणालाच कसली घाई नाही. पुढं नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात सॅन होजेला आलो, इथल्या एका रेकॉर्डच्या दुकानात तीच रेकॉर्ड हातात घेतली तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, ही आपल्याच गावची पोरं. मी तिथंच उभा राहिलो. इकडं आपली एवढी मराठी माणसं राहतात, सॉफ्टवेअरबद्दल सगळ्यांना सगळं ठाऊक, पण या तिघांचं नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. म्हणून आज तुम्हाला सांगतो.

ॲल सिस्नेरॉस बास गिटार वाजवायचा आणि गायचा, मॅट पाइक गिटारवर, ख्रिस हेकियस ड्रमवर. सुरुवातीला जस्टिन मार्लर नावाचा आणखी एक गिटारवाला होता, १९९१ चा पहिला अल्बम चौघांनी मिळून केला आणि मग तो बँड सोडून चक्क मठात साधू व्हायला गेला. राहिले तिघं. काळ कुठला, तर अमेरिकेत सगळीकडं ग्रंज हा रॉकचा प्रकार वाजतोय, आणि ही विशीतली पोरं १९७० च्या ब्लॅक सबाथ या हेवी मेटल बँडला गुरू मानून बसलेली, तारा खालच्या सुरात उतरवून, ऑरेंज कंपनीचे मोठमोठे अँप, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारी यंत्रं, लावून, एक रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा, धरली की ती सोडायचीच नाही. ह्या प्रकाराला स्टोनर रॉक म्हणतात, त्यात गांजाचा संबंध आहे आणि तो ते लपवत नाहीत, पण मला त्यात ओढून घेतलं ते त्या सबुरीनं. 'होली माउंटन' हा दुसरा अल्बम इंग्लंडच्या इअरेक कंपनीनं काढला आणि नाव झालं.

मग लंडन रेकॉर्ड्स ही मोठी कंपनी आली, पैसे आले, अँप बनवून घेतले, आणि तिघांनी ठरवलं की पुढचा अल्बम म्हणजे एकच गाणं. 'डोपस्मोकर'. वाळवंटातून चाललेला एक तांडा, नुसता तासभर चालतोय, शब्द अगदी मोजके. टेपच्या रिळावर एवढं एका दमात मावायचं नाही म्हणून तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड करून जोडलं, १९९६ मधे. कंपनीला ते नको होतं. हे रेडिओवर कुठं लावणार, विकणार कसं? विकणाऱ्याच्या बाजूनं विचार केला तर प्रश्न खोटा नाही, पण तुम्ही ज्यांना घेतलं ते काय वाजवतात हे आधी ऐकलं नव्हतं का, असं मला अजून वाटतं. गाणं थोडं छाटून, नाव बदलून 'जेरुसलेम' केलं, तरी कंपनीनं काढलं नाही. काही वर्षं एकाच गाण्यावर घालवलेली तीन माणसं, आणि ते गाणं कपाटात. बँड मोडला. बावन्न मिनिटांचं 'जेरुसलेम' बाहेर आलं १९९९ ला आणि पूर्ण 'डोपस्मोकर' २००३ ला, म्हणजे ज्यांनी केलं ते पांगल्यावर.

पाइकनं १९९८ मधे हाय ऑन फायर काढला, तोही तिघांचाच, आणि २०१९ मधे त्याला ग्रॅमी मिळालं. सिस्नेरॉस आणि हेकियसनं २००३ मधे ओम सुरू केला, फक्त बास आणि ड्रम, गिटार नाहीच. पुढं हेकियस त्यातनंही बाहेर पडला. २००९ मधे स्लीप पुन्हा स्टेजवर आला, पण थोड्याच दिवसांत ड्रमवर हेकियसच्या जागी न्यूरोसिस बँडचा जेसन रोडर. २०१८ च्या २० एप्रिलला, कसलीही आधी दवंडी न पिटता, नवीन अल्बम आला. मला आनंद झाला, पण ते पहिले तिघं ते तिघंच.

आता ओमच्या २००९ च्या अल्बममधे तंबोरा आहे. ते ऐकलं आणि मला एकदम आत्या आठवली. माझी आत्या मिरजेत राहते, गाणं शिकलेली, लहानपणी मी तिच्याबरोबर सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, काढायला जायचो. कारागीर घोडीवर तारेखाली सूत सरकवायचा, एक केसभर इकडं, एक केसभर तिकडं, आणि तास तास फक्त तो खर्ज ऐकत बसायचं. मला तेव्हा कंटाळा यायचा. पण गवई अब्दुल करीम खाँ साहेब ज्या गावात राहिले, त्या गावात एक राग तासभर गायला म्हणून कुणी कुणाला छाटायला सांगत नाही. सॅन होजेच्या पोरांना ते कुणी सांगितलं नव्हतं आणि तरी ते तिथंच पोचले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आत्याला म्हटलं, एक ऐकवू का, जरा कर्कश आहे. 'डोपस्मोकर' लावलं. ती डोळे मिटून बसली. दोनेक मिनिटांनी म्हणाली, "खर्ज चांगलाय रे." मग काही बोलेना. माझ्याकडं सकाळ, तिच्याकडं रात्र, वीस मिनिटं झाली तेव्हा मला वाटलं हिला झोप आली असणार, म्हणून बंद केलं.

"अरे, का बंद केलंस? आत्ता कुठं सूर बसाय लागला होता."

परत पहिल्यापासनं लावलं.