कुर्टीच्या गोदामातील ती सकाळ

गेल्या ऑक्टोबरात परतीचा पाऊस गडगडाटासह कोसळला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता फोंड्याजवळच्या कुर्टीहून मला फोन आला. औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याचा सर्व्हर बंद पडला होता. ते माझे नेहमीचे ग्राहक नव्हते. कुणीतरी माझे नाव सुचवले होते.

सर्व्हरमध्ये चार डिस्क रेड-५ पद्धतीने जोडलेल्या होत्या. या रचनेत एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत राहते, म्हणून शेटना पूर्ण भरवसा होता. रात्रीच्या विजेच्या झटक्यात एक डिस्क निकामी झाली. मी नवी डिस्क बसवून पुनर्बांधणी सुरू केली आणि अर्ध्या वाटेवर दुसरी डिस्कही गेली. एकाच दिवशी घेतलेल्या, सारखीच झीज झालेल्या डिस्क अशा ताणाखाली लागोपाठ जाणे दुर्मिळ नसते.

"बॅकअप आहे ना," शेट शांतपणे म्हणाले. सर्व्हरला कायम जोडून ठेवलेली बाहेरची डिस्क त्यांनी पुढे केली. रोज रात्री अकराला एक स्क्रिप्ट सगळे फोल्डर तिच्यावर उतरवत असे. मी डिस्क उघडली. स्कॅन केलेली बिले होती, पत्रव्यवहार होता. पण डेटाबेसच्या फाइलवरची तारीख ३१ मार्च होती. डेटाबेस चालवणारे एसक्यूएल सर्व्हर हे सॉफ्टवेअर चालू असताना आपली फाइल धरून ठेवते, इतर कुणाला तिची प्रत घेऊ देत नाही, त्यामुळे स्क्रिप्ट ती दर रात्री वगळत होती आणि तशी नोंदही करत होती. ती नोंद कुणी उघडलीच नव्हती. वर्षअखेरीस हिशेब सांभाळणाऱ्या ताईंनी हे सॉफ्टवेअर बंद करून हाताने प्रत घेतली, तेवढीच खरी ठरली. साडेसहा महिन्यांची खरेदी-विक्री नाहीशी झाली होती. ताई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मी रोज हिरवा टिक बघत होते हो."

जीएसटीच्या पोर्टलवरील विवरणपत्रांतून विक्रीच्या बिलांचे क्रमांक आणि रकमा मिळाल्या. औषधांचे बॅच क्रमांक आणि मुदतीच्या तारखा मात्र तिथे नसतात. त्यासाठी गोदामातील चार माणसांनी कागदी बिलांच्या फायली उपसत पाच आठवडे काढले.

नवी व्यवस्था आखताना मी यंत्रांची यादी मागितली नाही. ताईंना विचारले, किती वेळेचे काम तुम्ही पुन्हा लिहू शकाल? त्या म्हणाल्या, अर्ध्या तासाची बिले लिहू, दिवसभराची नाही. या उत्तरावर सारे वेळापत्रक उभे राहिले: रविवारी डेटाबेसची पूर्ण प्रत, रोज रात्री तिच्यानंतर बदललेला भाग आणि दर १५ मिनिटांनी व्यवहारांचा लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद. या प्रती डेटाबेसच्या स्वतःच्या आज्ञेने निघतात, त्यामुळे धरून ठेवलेल्या फाइलचा प्रश्नच उरत नाही.

प्रती ठेवण्यासाठी मी ३-२-१ हा जुना नियम धरला, म्हणजे माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील एक जागेबाहेर. बाहेरची प्रत कूटबद्ध करून मुंबईतील क्लाउडवर जाते आणि ठरावीक दिवस ती कुणालाच, अगदी मलाही, पुसता येत नाही. कारण माहिती कुलूपबंद करून पैसे मागणारा खंडणीखोर व्हायरस अनेकदा आधी बॅकअपच शोधतो. शिवाय कंपन्यांच्या हिशेबविषयक नियमांतील २०२२ च्या दुरुस्तीनंतर कंपन्यांना संगणकीय हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज ठेवणे बंधनकारकच आहे. पहिल्यांदा ४०० जीबी चढवायचे होते. २० एमबीपीएस अपलोडने कागदावर सुमारे ४४ तास येत होते, म्हणून शुक्रवारी रात्री सुरुवात केली. मध्ये दोनदा लाइन तुटल्याने सोमवारची पहाट झाली.

शेटना खर्चापेक्षा माझ्या शेवटच्या अटीचे नवल वाटले. दर महिन्याला एका जुन्या संगणकावर माहिती परत उतरवायची आणि ती ताईंनीच तपासायची, मी नाही. पहिल्या चाचणीला ३ तास १० मिनिटे लागली. ताईंनी आदल्या दिवशीचे एक बिल निवडले, कागद पडद्याशेजारी धरला, बॅच क्रमांकाचा एकेक आकडा बोटाने जुळवला आणि मग नोंदवहीत वेळ लिहून सही केली.