लाठीने बचाव शिकताना: माझा अनुभव

पोलीस भरतीनंतर लाठी हातात आली की मारायलाच शिकवणार असं वाटतं. पण आम्हाला आधी पाय शिकवले. डावा पाय पुढे, उजवा मागे, गुडघे किंचित सैल. मागे सरताना आधी मागचा पाय उचलायचा. पायात पाय अडकला की साधा धक्काही पाडतो. समोरच्यापासून निदान सहा फूट अंतर हवं, नाहीतर त्याचा हात हललेला दिसेपर्यंत वार बसलेला असतो.

मूठ बुडापासून चार बोटं सोडून. अंगठा लाठीवर लांब ठेवला तर पहिलाच वार अडवताना मुरगळतो, म्हणून तो बोटांवर वळवायचा. डोक्यावरचा वार दोन्ही हातांनी, कपाळाच्या वर आणि पुढे अडवायचा. लाठी थोडी तिरकी, म्हणजे वार घसरून जातो. खालच्या हाताची बोटं मात्र उघडी, नुसता तळवा लाठीमागे. नाहीतर घसरता वार ती चेचतो.

उलट वार मांडीच्या बाहेरच्या बाजूला किंवा पोटरीवर. डोकं, मान, कणा, जांघ कधीच नाही. लाठी खांद्याच्या वर उचलायची नाही हा नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: माणूस घाबरून खाली वाकतो आणि दंडावर येणारा वार डोक्यात बसतो.

कुणी लाठी धरली तर ओढाओढ करू नये. एक पाऊल त्याच्याकडे टाकून त्याच्या अंगठ्याच्या दिशेने लाठी फिरवायची. पकड तिथेच कच्ची असते.

बेळगावच्या विसर्जन मिरवणुकीत, कपिलेश्वर तलावाच्या वाटेवर, सहा फूट कुठून मिळणार? तिथे लाठी दोन्ही हातांत आडवी, छातीच्या खाली, कोपरं अंगाला लावून धरायची आणि जोर पायांनी द्यायचा. वर गेली तर समोरच्याच्या गळ्याला लागते. सूचना मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत द्यावी, ‘मागे सरा’ आणि ‘हिंदक्के सरियिरि’. एकाच भाषेत ओरडलं तर निम्मी गर्दी जागची हलत नाही. जमाव पांगवण्याचा आदेश, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या कलम १४८ प्रमाणे, कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाणेप्रमुखाचा. ठाणेप्रमुख नसेल तर निदान उपनिरीक्षकाचा. शिपायाने स्वतः ठरवायचं नसतं.

खानापूरकडच्या पावसात बांबूची लाठी फुगते, वाळताना पेरापाशी चिरते. ड्युटीआधी फडकं फिरवून बघावं. धागा अडकला तर ती लाठी बदलून घ्यावी.